बोंडअळीच्या मातापित्यांविषयी किंचित विवेचन

गल्लीत जशा बाळ्याची आई, पमीची आई असतात, तशी कपाशीच्या वावरात बोंडअळीची आई असते. तिला स्वतःचे नाव नाही. शहादा तालुक्यात कापूस लावणाऱ्या कोणालाही विचारा, गुलाबी अळी किती लांब ते तो बोटावर दाखवील. तिचा पतंग कसा दिसतो म्हटले, की आभाळाकडे बघेल. आमच्याकडे पतंग म्हणजे संक्रांतीचाच. हे अज्ञान दूर करणे, हा प्रस्तुत लेखनाचा उदात्त हेतू.

प्रथम रूपवर्णन. पंख पसरले तरी जेमतेम १५ ते २० मिलिमीटर. रंग राखी-तपकिरी, पुढच्या पंखांवर काळपट डाग, मागच्या पंखांना बारीक झालर. दिवसभर पाचोळ्यात नाहीतर ढेकळांच्या भेगांत दडी, रात्री संसार. गुलाबी रंगाची हौस सगळी लेकराच्या अंगावर.

आता मूळगाव. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, याची नोंद या पतंगाने घेतलेली नाही. त्याची कागदोपत्री ओळख शेजारच्या गुजरातेतली. भडोचच्या कपाशीतले नमुने लंडनला गेले आणि १८४३ साली विल्यम विल्सन सॉन्डर्स यांनी त्याचे शास्त्रीय बारसे केले. हे गृहस्थ पेशाने लॉइड्समधले विमेवाले. कापसाच्या किडीला नाव विमेवाल्याने ठेवावे, यातले मर्म पीकविम्याचा हप्ता भरणाऱ्याला उलगडून सांगायला नको. पुढे सरकीत बसून स्वारी इजिप्तला गेली, तिथून मेक्सिको, १९१७ला टेक्सास. अमेरिकेने २०१८मध्ये तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. आम्ही २००२पासून बोंडअळीला रोखणारी म्हणून बीटी कपाशी लावतो. २०१७ साली राज्यभर बोंडे फोडली तेव्हा अळी आत खुशाल होती.

जीवनक्रमात खरे पाहण्यासारखे आहे ते डोमकळीत. मादी पात्यांवर, फुलांवर, बोंडांवर अंडी घालते, ती तीन ते सहा दिवसांत फुटतात. फुलात शिरलेली अळी पाकळ्या आतून रेशमाने शिवून टाकते. फूल उमलतच नाही, मिटलेल्या गुलाबासारखे राहते; हीच डोमकळी. बोंडात शिरलेली अळी तर आणखी सोज्वळ: आत जायचे भोक मागून बुजते, बाहेरून बोंड हिरवेगार, आत सरकी खाणे चालू. कळते ते वेचणीला, कवडी कापूस हाती आल्यावर. सहसा दोन आठवड्यांत अळी खाली उतरून पाचोळ्यात कोष करते आणि आठवडाभरात पुन्हा पतंग. हंगाम संपत आला, की मात्र काही अळ्या दोन सरक्या एकमेकींना शिवून मधे झोपी जातात. आपण हंगामानंतरही कपाशी उभी, म्हणजे फरदड ठेवतो, पऱ्हाटी बांधावर रचतो. पाहुणचारात कमी पडत नाही.

राहिला सापळ्याचा प्रश्न. कामगंध सापळ्यातल्या गोळीला वास मादीचा, म्हणून पिशवीत पडतात ते सगळे नर. म्हणजे आईचे दर्शन राहिले बाजूला, रोज सकाळी भेटतात ते बोंडअळीचे बाप. नियम असा की सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले, तर फवारणीचा विचार करावा. मी पहिल्या दिवशी नऊ मोजले, दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या सकाळी पिशवीचे रबर सोडून सगळे वर्तमानपत्रावर पालथे केले. बोटांना राखी भुकटी लागली. सात पतंग पूर्ण आणि एक पंखांची जोडी. धड मुंग्यांनी नेलेले. नुसत्या पंखांना पतंग म्हणावे काय? माझ्या मते मोजणी पतंगांची आहे, अवशेषांची नाही. उलट बाजूने असे म्हणता येते, की मुंग्या आल्या तेव्हा तो पुरा होता. मी वहीत 'साडेसात' लिहून खोडले.

एवढ्यात काका ओळीतून आले. हातात मिटलेली डोमकळी. नखाने शिवण उसवली, आतली अळी माझ्या वहीवर टाकली आणि म्हणाले, "हिला कोणत्या रकान्यात घेतोस?"