लाल कोण व्हायचं?

पाच स्टंटवाले नोकरीला लाथ मारतात, स्वतःचा स्टुडिओ काढतात आणि पुठ्ठा-चिकटपट्टीचे पाच रंगांचे पोशाख चढवून जपानी थाटाची सुपरहिरो मालिका काढतात. ब्राझीलच्या बीहोल्ड स्टुडिओजचा २०१५ सालचा डावपेचांचा गेम, ‘क्रोमा स्क्वॉड’.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या पोरांचा पहिला आक्षेप : “भावा, आपली पाळी संपली की मग समोरच्यानं मारायचं? तोवर गप हुभा ऱ्हातोय व्हय?” शाहू स्टेडियमवर शिट्टी वाजल्यावरही न थांबणाऱ्यांना हे पटणं अवघडच. मात्र खेळातल्या दिग्दर्शकाचं ऐकून पाचांनी मिळून शेवटचा दणका दिला की प्रेक्षक वाढतात आणि प्रेक्षकांमागून पैसा येतो, हे कळताच नाद खुळा! मंडळाची वर्गणी काढणाऱ्यांना आणखी काय शिकवायचं?

खेळातल्या पुठ्ठ्याच्या रोबोला मात्र कुणी हसू नये. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० च्या ‘सैरंध्री’ चित्रपटात कीचकाचं मुंडकं असं उडवलं, की सेन्सॉरनं ते दृश्यच कापायला लावलं. ब्राझीलवाल्यांना निदान ‘पॉवर रेंजर्स’च्या मालकांशी तडजोड करून नावाखाली ‘प्रेरित’ अशी पाटी लावून सुटता आलं.

पेठेत खेळ अजून पहिल्या भागातच अडकलाय. लाल व्हायला पाचही तयार, गुलाबी कुणालाच नको.