क्वार्टर, चकणा आणि सीमाप्रश्न

डहाणूला पब नाही. पाहुणे आले की मी हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे निराशा घरीच उरकते. समुद्र आहे, चिकूच्या वाड्या आहेत, बोर्डीला त्या चिकूची वाईनही करतात. पण लाकडी बाकं आणि फेसाळ पिंट हवी असेल तर मुंबईची गाडी पकडावी. आमच्याकडे असते ती परमिट रूम. काळ्या काचांचं दार ढकलून आत शिरलं की डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. तोवर वेटरने टेबल पुसून घेतलेलं असतं. ज्या फडक्याने पुसलं ते दिसू नये म्हणूनच आत एवढा अंधार ठेवत असावेत.

अशा जागेकडून काय अपेक्षा ठेवायची? माझं मत विचाराल तर चकण्यावरून पारख करावी. मेनूकार्ड छापखान्यातून येतं, चकणा मालकाच्या मनातून. उकडलेले हरभरे गरम आहेत का, वर कांदा बारीक चिरलाय का, लिंबाची फोड आजची आहे का, एवढं पाहावं. पैसे मिळणार नाहीत हे माहीत असूनही जो हरभऱ्याला मीठ बेताचं लावतो, त्याच्याकडे जेवायला हरकत नाही. आणि वाटी रिकामी झाल्यावर न मागता भरून येत असेल, तर बायकोला फोन करून उशीर होईल म्हणून कळवावं.

पण हा दर्जा टिकवणं आमच्या भागात अवघड झालंय, आणि त्याला कारण आहे सीमाप्रश्न. बेळगावचा नव्हे, आमचा. 1960 साली दोन राज्यं झाली तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचा बराचसा भाग गुजरातेत गेला आणि इकडे उरलेल्या गावांचा तलासरी झाला. भाषेचा प्रश्न मिटला, ग्लासाचा सुरू झाला. तिकडे दारूबंदी, इकडे परमिट रूम, मध्ये अच्छाडचा नाका. शनिवारी दुपारनंतर जीजे पंधरा नंबराच्या गाड्या तलासरीकडे वळू लागतात. वापीवाल्यांना दमण जवळ पडतं. उंबरगाव-संजाणच्या मंडळींना आम्ही.

माणसं अत्यंत सज्जन. मोठ्याने बोलतात, पण टिप सोडतात. त्यांची दर्जाची कसोटी मात्र एकच: "ठंडी छे ने?" बाटली ठंडी असली की संपलं. पापड सादळलेला असो, खुर्चीचा एक पाय आखूड असो, तक्रार नाही. आठवडाभर तहानलेला माणूस चिकित्सा कशाला करेल? मालकाच्या हे ध्यानात आलं आणि त्याने फ्रीज नवा घेतला, आचारी जुनाच ठेवला. शेजारच्या टेबलावर एक काका वेटरला फार काळजीपूर्वक समजावत होते, की पनीर चिलीत कांदा-लसूण बिलकुल नको, तवा वेगळा घ्यायचा, आणि बरोबर रमचा लार्ज. व्रत मोडू नये एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती पुरी झाली.

भावाचं विचाराल तर आमच्याकडे प्रत्येक टेबलावर दमणचा भाव तोंडपाठ असलेला एक जण असतोच. पहिल्या घोटाला तो म्हणतो, "दमणला ही कितीला मिळते माहितीये?" सगळ्यांना माहीत असतं. तरी तो सांगतो, आणि उरलेली संध्याकाळ आपण लुबाडले गेल्याच्या चवीने प्यावी लागते. दमणला जायला-यायला लागणारं पेट्रोल तो कधीच हिशोबात धरत नाही.

सरकारनेही त्याला बोलायला भरपूर विषय दिलेत. नोव्हेंबर 2023 पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट 5 टक्क्यांवरून 10 झाला. जून 2025 मध्ये उत्पादन शुल्क वाढलं आणि 180 मिलीची किमान किंमत ठरली: देशी 80 रुपये, ‘महाराष्ट्र मेड’ 148, आणि जिला आपण इंग्लिश म्हणतो ती 205. हे दुकानातले आकडे. बारमध्ये यावर पंख्याचं आणि टीव्हीवरच्या मॅचचं भाडं चढतं. 14 जुलै 2025 ला ‘आहार’ या हॉटेल-बारमालकांच्या संघटनेने याविरुद्ध बंद पाळला, तेव्हा आमच्या गल्लीतले दोन-तीन गृहस्थ वर्तमानपत्र हातात घेऊन सैरभैर फिरत होते. बिल आलं की ते नीट वाचावं. पापडावर जीएसटी, व्हिस्कीवर व्हॅट. एकाच टेबलावर दोन सरकारं जेवून उठलेली असतात.

शिवाय 1949 च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्यालाही परवाना लागतो. मी हजार रुपये भरून आजन्म परवाना काढलाय. प्रकृती जपण्यासाठी आणि टिकवण्यासाठी मला मद्य आवश्यक आहे, अशा अर्थाचा मजकूर त्या परवान्याच्या कागदांत असतो. तो मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. दाद मिळाली नाही.

आता मापाचं. साठचा पेग मागवला तर तो साठच आहे हे वेटर आणि परमेश्वर या दोघांनाच ठाऊक. इंग्लंडात पिंटच्या ग्लासावर अधिकृत शिक्का लागतो, व्हिस्कीचं माप 25 किंवा 35 मिलीचं, आणि कोणतं ते गिऱ्हाइकाला दिसेल असं लिहावं लागतं. वजनमापे खातं आपल्याकडेही आहे, पण ते दिवसा काम करतं. म्हणून शहाणा माणूस क्वार्टर मागवतो. सील आपल्यासमोर फुटायचं, झाकणाची कटकट आपल्या कानांनी ऐकायची, मग निर्धास्त. एकट्याला 180 मिली जड जाते हे खरं. निव्वळ अविश्वासापायी महाराष्ट्रात किती दारू जास्तीची प्यायली गेली असेल, यावर कोणीतरी पीएचडी करावी.

माशांबाबत तर बोलूच नये, पण बोलतो. डहाणूच्या धक्क्यावर होड्या लागतात आणि परमिट रूमच्या मेनूत पापलेटपुढे ‘साईजप्रमाणे’ असं लिहिलेलं असतं. साईज माशाची की गिऱ्हाइकाच्या गाडीची, हे बिल येईपर्यंत कळत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तरी कार्डावरचं पापलेट हलत नाही. एकदा ऐन जुलैत मी एका ठिकाणी विचारलं, "ताजं आहे का?" वेटर म्हणाला, "साहेब, आत्ताच फ्रीजरमधून काढलं." खोटं बोलला नाही बिचारा. बोंबील फ्राय मात्र मागवावा. तो चपटा दाबून, रवा लावून तळायचा असतो; कुरकुरीत आला तर आचारी जागा आहे, आणि ताटलीत पाणी सोडून बसला तर उठावं.

खरा दर्जा पाहायचा तर ताडी. हिला ब्रँड नाही, मेनू नाही, घड्याळ आहे. ताडावरून मडकं उतरतं तेव्हा ती गोड असते. ऊन चढेल तशी आंबत जाते आणि दुपारनंतर जिभेला चिमटे काढते. तिच्यात क्लोरल हायड्रेट कालवणारे महाभाग राज्यात निघालेत, म्हणून ओळखीच्या, परवान्याच्या जागीच जावं. माझा ताडीवाला ओळखीचा आहे. भर दुपारी गेलो तर त्याने ग्लास उपडाच ठेवला.

"आता नको काका. आंबली. सकाळी सहाला या."

इतक्या वर्षांत एकाही वेटरने "आज पापलेट नको, शिळं आहे" असं म्हटलेलं नाही. या माणसाकडे रोज जायला हवं, हे मला पटतं. पण पहाटे उठणं माझ्या प्रकृतीला सोसत नाही, आणि प्रकृती जपायलाच तर मी सरकारला हजार रुपये भरलेत.