लागतो, पण सुटत नाही

ब्रेकबद्दल आपण एकच प्रश्न विचारतो: लागतात ना? जुनी गाडी घेताना, घाट उतरण्याआधी, मुलाच्या हातात पहिल्यांदा किल्ली देताना. सुटतात ना, असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

पावसाळ्यानंतर आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांना नवे पॅड आणि नव्या डिस्क बसवल्या. ब्रेक झकास लागू लागले. मग साताऱ्याकडे जाताना गाडी डावीकडे ओढू लागली. शिरवळला चहाला थांबलो, तर डाव्या चाकाशी जळका वास. रिमवर पाण्याचे चार थेंब शिंपडले, चर्र झालं. उजवं चाक नुसतं कोमट.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडणं म्हणजे सार्वजनिक निमंत्रण. ‘नवे पॅड आहेत, घासून बसतील,’ असं एकांचं मत. त्यात थोडं तथ्य आहे. नवे पॅड सुरुवातीला घासतात, वासही येतो. पण मग दोन्ही चाकं सारखीच तापायला हवीत. दुसऱ्यांनी थेट अख्खा कॅलिपर बदलायला सांगितलं. आपल्याकडे दुसऱ्याच्या गाडीचा पार्ट बदलायला कुणी मागेपुढे पाहत नाही!

खरी गंमत अशी की डिस्क ब्रेकला सोडवायला वेगळी यंत्रणाच नाही. ड्रममध्ये लायनर मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा तरी असतात. इथे पिस्टनभोवती एक चौकोनी काठाची रबरी रिंग, बस्स. पेडल दाबलं की ती जराशी पिळवटते, पाय काढला की सरळ होते आणि पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाएवढं मागे घेते. हजार किलोची गाडी ताशी साठच्या वेगावरून एकदा थांबवली, तर अर्धा लिटर पाणी जवळजवळ उकळीला येईल एवढी उष्णता निघते. या सगळ्या कारभारातून सुटकेचं काम त्या रिंगेकडे!

गॅरेजवाल्या पोराने गाडी जॅकवर घेतली, पेडल दाबून सोडलं. चाक हलेना. मग कॅलिपरच्या निपलला पाना लावून अर्धा आटा सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक गरगर फिरलं.

“काका, कॅलिपर ठीक आहे. तेल मागं जात नाहीये.”

निपल उघडूनही चाक अडलं असतं, तर गंजका पिस्टन किंवा कोरड्या पडलेल्या गाईड पिना बघायच्या. दोन्ही चाकं धरत असती, तर संशय मास्टर सिलिंडरवर. त्याने निपल बंद केलं, पुन्हा पेडल दाबलं आणि या वेळी होजच्या अलीकडचा, लोखंडी पाइपचा नट सैल केला. चाक जामच. म्हणजे चोर मधल्या रबरी होजमध्ये.

होज बाहेरून साजरा, कुठे चीर नाही. कापल्यावर दिसलं, आतलं रबर फुगून टाचणीएवढंच भोक उरलेलं. पायाचा जोर तेलाला त्यातून पुढे ढकलतो. परत यायला मात्र त्या बिचाऱ्या रिंगेचाच काय तो जोर. पॅड बदलताना कॅलिपर तारेने टांगायचा सोडून होजवरच लोंबकळत ठेवला असणार. जुन्या रबराला ते वजन झेपत नाही. शिव्या मात्र नव्या पॅडना बसल्या.

असंच चालवत राहिलो असतो तर? साध्या डॉट ३ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश असतो. ओल शोषून तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला. सुटत नसलेला ब्रेक मग लागतही नाही.

होज दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. डिस्कच्या मानाने स्वस्त पडतात. आणि वाटेत चाक तापलंच, तर हॉटेलवाल्याची पाण्याची बादली त्यावर ओतू नका. लालबुंद डिस्कला तडा जाईल. गाडी बाजूला घ्या आणि आणखी एक चहा सांगा.