भाड्याचं घर आणि आपली भीड

पुण्यात भाड्याने घर बघायला गेलं की आधी आपलीच तपासणी होते. नोकरी कुठे, लग्न झालंय का, मासे-मटण करता का, पाहुणे फार येतात का? आपण गुणी मुलासारखी उत्तरं देतो आणि आपली पाळी आली की "छान आहे हो घर" म्हणून गप्प बसतो. जिथे अकरा महिने अंघोळ करायची, तिथला नळ सोडून बघायचासुद्धा आपल्याला संकोच!

नळ सोडावाच. सगळे, एकदम, आणि वर फ्लशही ओढावा. मालक दचकतात, दचकू द्यावं. "पाणी चोवीस तास" हे ते मनापासून सांगतात, कारण ते स्वतः तिथे राहत नाहीत. खरी माहिती खाली वॉचमनकाकांकडे. टँकर किती येतात, मे महिन्यात किती, एवढंच विचारावं. वाकड-बाणेरकडच्या कितीतरी सोसायट्यांचा उन्हाळा टँकरवरच निघतो. मग वर जाऊन मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, ते विचारावं. आणि खोलीतल्या एकाच भिंतीला ताजा रंग असेल, तर ती कौतुकाची नव्हे, ओलीची खूण समजावी.

घर दाखवणारे काका मालक असतीलच असं नाही. फ्लॅट अमेरिकेतल्या मुलाच्या नावावर असतो आणि काका म्हणतात, "मुलाचं ते माझंच." भावना थोर आहे, पण करारावर सही करायला कुलमुखत्यारपत्र लागतं. घर कुणाच्या नावावर आहे ते सांगणारा इंडेक्स टू आणि विजेचं शेवटचं बिल दाखवा म्हणावं. काका दुखावतील, चहा घेऊन पुन्हा मागावं.

मग एजंट हळूच सुचवतो, "रजिस्ट्रेशन कशाला, नोटरी करून टाकू." महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधलं कलम 55 इथे कामाला येतं. करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे अगदी गोड आवाजात सांगावं. मालक स्वतःच नोंदणीची तारीख काढतात.

नोंदणीवाला अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, गप्पा रंगतात आणि मसुदा वाचायचा राहून जातो. लॉक-इन किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट कधी परत, रंगाचे पैसे कापणार का, एवढं तरी वाचावं. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर त्याच कायद्याच्या कलम 24 प्रमाणे भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागू शकते, हेही ध्यानात असू द्यावं.

किल्ली हातात आली की सामान चढवण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. भिंतीतला खिळा तुमच्या आधीचा होता, हे नंतर कुणालाच आठवत नाही.