हेलनचं सासर

इंग्रजांचं सासर मला नेहमी कोर्टात भरल्यासारखं वाटतं. सासू 'मदर-इन-लॉ', सून 'डॉटर-इन-लॉ', दीर 'ब्रदर-इन-लॉ' आणि मेहुणाही 'ब्रदर-इन-लॉ'च. दीर आणि मेहुण्याला एकाच पाटावर बसवणाऱ्या घरात आपल्याकडे एक दिवाळसणसुद्धा धड पार पडायचा नाही!

हजार वर्षांपूर्वी मात्र त्यांच्याकडेही रीतसर सासर होतं. जुन्या इंग्रजीत सुनेला 'स्नोरू' म्हणत, दिराला 'ताकोर'. ही स्नोरू म्हणजे आपली स्नुषाच. लॅटिननं तिचा 'स' गाळून 'नुरुस' केली. आपण प्राकृतातल्या 'सुण्हा'वरून 'सून' केली, 'स' आणि 'न' दोन्ही सांभाळून. (सुनेचं काहीतरी सांभाळल्याचा हा पुरावा जपून ठेवावा.) या सगळ्यांची मूळ भाषा पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची. तिचं एक अक्षरही कुणी लिहून ठेवलेलं नाही. लेकींच्या चेहऱ्यावरून आईचा अंदाज बांधायचा.

गोव्यात राहून मराठीत 'क्रिस्तपुराण' रचणाऱ्या फादर स्टीफन्सनं इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं १५८३ मध्येच भावाला कळवलं होतं. हेच साम्य सांगणारं विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं गाजलेलं भाषण १७८६चं. श्रेय अर्थात भाषण करणाऱ्याला.

जाऊ म्हणजे संस्कृतातली यातृ. लॅटिनमध्ये ती 'यानित्रिकेस' अशी अनेकवचनातच भेटते; एकटी असेल तर ती जाऊ कसली? नणंदेची व्युत्पत्ती आपल्या जुन्या पंडितांनी 'न नन्दति', म्हणजे कशानंच खूश न होणारी, अशी लावली. पंडितांच्या घरी बहिणी होत्या की नाही, कोण जाणे.

पण खरी मौज होमरकडे. 'इलियड'च्या शेवटच्या सर्गात हेक्टरच्या, म्हणजे आपल्या दिराच्या, प्रेतापाशी हेलन विलाप करते आणि त्यातच सासरचा हिशोब मांडते. दीर, नणंदा, जावा, सासू, कुणीही टाकून बोललं की हेक्टर त्यांना समजावून गप्प करायचा. सासरे मात्र कायम बापासारखे मायाळू. होमरच्या ग्रीकमध्ये दीर 'दाएर', जाऊ 'एइनातेर'. शब्दारंभीच्या 'स'चा 'ह' करायची ग्रीकांची खोड, म्हणून सासू 'हेकुरे' आणि सासरा 'हेकुरोस'. नणंदेचा 'गालोस' तेवढा निराळा, बाकी मंडळी आपल्याच गोतातली. बाईपायी दहा वर्षं युद्ध पेटलंय, एवढा पाठीराखा दीर गेलाय. तरी घरात कोण कोण टोचून बोललं, ते ती विसरलेली नाही.