पियानो, पेंग्विन आणि पांढरी एक

रोह्यात पेटीवाला शोधावा लागत नाही. एकादशीच्या रात्री भजनाच्या आवाजाच्या दिशेनं चालत सुटलं की सापडतो. पियानो शिकवणारा मात्र मला पार पेणपर्यंत विचारूनही मिळाला नाही, आणि पुतण्या तर कॅनडाला जाताना आपला ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आमच्या माजघरात टाकून गेलेला. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या घरात असं वाद्य येणं वाईट. आपल्यात कोणीतरी कलावंत दडून बसलाय, असा संशय त्याला येऊ लागतो.

गुरू नाही, तर संगणकाला गुरू करू, असं मी ठरवलं. संगणक म्हणजे जुना लॅपटॉप. नवं विंडोज त्याला झेपेना, म्हणून लेकीनं त्यात पेंग्विनच्या चिन्हाचं लिनक्स घालून दिलेलं. त्यावर ‘पियानो बूस्टर’ नावाचा फुकट प्रोग्राम चालतो, पडद्यावर सूर दाखवतो आणि आपण योग्य पट्टी दाबेपर्यंत थांबून राहतो. इतका सोशिक गुरू मला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता.

प्रश्न वायरीचा होता. पियानोच्या पाठीमागचं चौकोनी भोक मला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. ते प्रिंटरच्या पाठीमागे पाहिलं होतं. लगेच प्रिंटरची वायर उपटली, एक टोक पियानोत, दुसरं लॅपटॉपमध्ये खुपसलं आणि लेकीनं शिकवून ठेवल्याप्रमाणे काळ्या खिडकीत ‘एकनेक्ट’ची आज्ञा टंकली. यादीत १४ नंबरवर ‘मिडी थ्रू’ झळकत होतं. पियानो सापडला! प्रोग्रामला तोच नंबर दाखवून दिला आणि वाजवायला बसलो.

पडद्यावर हूं की चूं नाही. मी जोरात वाजवलं. स्पीकरचा आवाज वाढवला. लॅपटॉप बंद करून चालू केला. वायर उलटी लावता येते का पाहिलं, येत नाही. शेवटी लेकीला फोन.

“बाबा, चौदा नंबर कायमच असतो. काहीही जोडलेलं नसलं तरी असतो. तुमचा पियानो वीस किंवा त्याच्या पुढे कुठेतरी दिसेल.”

“दिसत नाहीये.”

“पियानो चालू आहे ना?”

या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलं नाही. आमच्याकडे पावसात वीज जाते-येते, एवढं सांगून फोन ठेवला. बटण दाबल्यावर पियानो २० नंबरवर हजर झाला.

तरी लॅपटॉपमधून आवाज नाहीच. मग कळलं ते असं की त्या वायरीतून आवाज जातच नाही. जातात फक्त आकडे: कितवी पट्टी, किती जोरात दाबली, केव्हा सोडली. १९८३ साली अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर वायरीनं जोडले, एकाची पट्टी दाबली आणि दुसरा वाजला. तीच ही मिडीची पद्धत, अजून चालू आहे. आकड्यांचा आवाज करायला लॅपटॉपवर ‘फ्लुइडसिंथ’ हवा आणि त्याला सुरांच्या नमुन्यांची फाईल हवी; मला सापडली ती शंभर एमबीहून मोठी होती. तीही उतरवली.

आता आवाज आला, पण दोनदा. एक पियानोचा स्वतःचा आणि मागाहून लॅपटॉपचा. पियानोतलं ‘लोकल कंट्रोल’ बंद केलं की पहिला थांबतो, हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. दुसरा उशिरा का येतो, हे मात्र माझंच कर्तृत्व. बफर नावाचा आकडा दिसला, तो मोठा म्हणजे चांगला असेल म्हणून मी ४०९६ केलेला. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या हिशेबानं तेवढ्यातच ८५ मिलिसेकंद जातात. सा रोह्यात दाबावा आणि त्यानं नागोठण्याला उतरून चालत घरी यावं, असा प्रकार. आकडा २५६ वर आणल्यावर सा वेळेवर येऊ लागला.

नेमके तेव्हाच भजनी मंडळाचे बुवा आले. आल्या आल्या म्हणाले, “पांढरी एक द्या बघू.”

मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे मिडीत ६०, काळी दोन म्हणजे ६३, एवढं मी पाठ केलं होतं. ऐटीत ६० दाबली. टण्ण! बोंगो वाजला. बुवांनी चष्मा वर केला. मी घाईनं तार सा, म्हणजे ७२ दाबली. लांबलचक शिट्टी. शेजारची ७१ आखूड शिट्टी. ५६ वर गाईच्या गळ्यातली घंटा.

सगळ्या खटाटोपात माझ्याकडून चॅनल १ च्या जागी १० झाला होता. मिडीच्या १६ चॅनलांपैकी दहावा तालवाद्यांसाठी राखून ठेवलेला असतो. तिथे प्रत्येक पट्टी म्हणजे वेगळं वाद्य. हे मला बुवा गेल्यावर समजलं. तोवर त्यांनी स्वतः बसून आणखी चार-पाच शिट्ट्या वाजवून घेतल्या आणि निकाल दिला, “आपल्या गावच्या धावीर महाराजांच्या पालखीला हे नको. दहीहंडीला मात्र चालेल.”

शिवाय जाता जाता म्हणाले, “आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दारं बंद केली, १९७१ पर्यंत उघडली नाहीत. तरी पेटी टिकली. का? भाता हलवला की वाजते. मधे कोणाला फोन करावा लागत नाही.” यावर मी काय बोलणार?

शिक्षण आता रीतसर सुरू आहे. उजवा हात पाच सुरांत फिरतो, डावा मांडीवर असतो. मी चुकलो की पियानो बूस्टर थांबतो, त्यामुळे दोन मिनिटांचं गाणं आमच्याकडे जेवणाच्या वेळेपर्यंत चालतं. बायको आता टीव्हीचा आवाज वाढवत नाही, देवळात जाते.

एकच अडचण उरली आहे. बुवा त्या दिवशी आले होते ते अभंगांच्या प्रती काढायला, आणि आमच्या प्रिंटरची वायर पियानोत आहे. तेव्हा रोहा, कोलाड किंवा नागोठणे भागात कोणाकडे प्रिंटरची जादा वायर पडून असेल, तर एकादशीच्या आत आणून द्यावी. चहा मिळेल. वाजवून दाखवायचा आग्रह करणार नाही.