आमच्या लग्नाचे सर्व हक्क सुरक्षित

लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची टूम मुलीने काढली आणि ती सुट्टी संपवून बंगळूरला निघून गेली. आमच्या घराण्यात सुचवणारा आणि निस्तरणारा एक कधीच नसतो.

आधी व्हीसीआर हवा. शेवटपर्यंत तो बनवत राहिलेल्या जपानी फुनाई कंपनीनेही 2016 साली हात टेकले. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर एकाने माळ्यावरून काढून दिला तो मुकाट घेतला. कॅसेटने डोंबिवलीतले इतके पावसाळे काढलेले, की फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरली होती. "तशीच घातलीत तर हेड चोंदेल," म्हणत त्याने ती साफ करून दिली, आणि हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायला सांगितलं. बाटलीवरचा शेवटचा शब्द आईने वाचला. ती संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही.

पिवळी, पांढरी, लाल अशा तिन्ही पिना यूएसबीच्या डोंगलला जोडल्या. चित्र आलं, पण काळंपांढरं.

"माझा शालू चिंतामणी होता," बायको म्हणाली.

सॉफ्टवेअर 525 रेषांच्या अमेरिकन एनटीएससीवर अडून बसलं होतं, आणि आपल्याकडच्या कॅसेटी 625 रेषांच्या पॅलमधल्या. दोन्हींत रंग पाठवायची तऱ्हाच वेगळी. सेटिंग बदललं, शालूला रंग चढला.

मग आवाज बिघडला. जुन्या फितीवरून येणारा सिग्नल लडखडतो. कॉम्प्युटरला तो पेलला नाही, की तो मधल्या फ्रेम गाळतो. आवाज मात्र अख्खा ठेवतो. हळूहळू चित्र पुढे पळतं. आमच्या मांडवात अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, हार घालून झाले, आणि मग भटजी ओरडले, "सावधान!" इतक्या उशिरा सांगून काय उपयोग, असं मी पुटपुटलो. तो आवाज बायकोपर्यंत अगदी वेळेवर पोचला.

पण खरा अपमान पुढेच होता. होम सुरू झाला आणि पडद्यावर पाटी आली: ही चित्रफीत संरक्षित आहे, नक्कल करता येणार नाही. आमचं लग्न! ज्याच्या हॉलचं भाडं, बँडवाले आणि जिलब्या यांचे पैसे सासऱ्यांनी आणि आमच्या वडिलांनी मोजले, ते लग्न! कंपन्या सिनेमाच्या कॅसेटींवर चोरी रोखायला मॅक्रोव्हिजन नावाची युक्ती करत. पडद्यावर न दिसणाऱ्या रेषांमध्ये मुद्दाम गोंधळ भरत. आमच्या फितीत वयोमानाने तसाच गोंधळ झाला होता, आणि डोंगलने आम्हाला चोर ठरवलं. यावर टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र असतं. त्याची किंमत ऐकून, त्यापेक्षा पुन्हा लग्न करणं स्वस्त पडेल असं वाटलं. (हे मोठ्याने म्हटलं नाही.) शेवटी साडूंकडचा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडला. तो सिग्नलची घडी नीट बसवून पुढे धाडतो. पाटी गेली.

व्हिडिओवाल्याने सप्तपदी चार पावलांत उरकली होती आणि पंगत मात्र सविस्तर घेतली होती. हॅलोजनच्या झोतात मामा. मामांच्या हातात जिलबी. मामांना कळतं की आपल्यावर कॅमेरा आहे. ते चावणं थांबवतात, हसतात, कॅमेरा हलत नाही, पाक मनगटावरून कोपराकडे निघतो. त्यावरून फुलांच्या चौकटीत फिरणारा माझा चेहरा.

मग पाठवणी. आईने ओवाळलं, सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला, चित्र थरथरलं आणि समोर ईडन गार्डन्स! 1996 च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, श्रीलंकेविरुद्ध. कॅसेट तेव्हा बायकोच्या माहेरी होती. वरून रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून मोडलेल्या खाचेवर मेहुण्याने सेलोटेप चिकटवली होती. सचिन 65 वर यष्टिचीत, 1 बाद 98 वरून 8 बाद 120, मैदानात बाटल्या. माझ्या पाठवणीत हुंदके देत चालत गेला तो विनोद कांबळी.

आत्या खुर्ची पुढे ओढून बसल्या होत्या. "मी एवढी रडले होते, ते कुठं गेलं?"

मी मेहुण्याला फोन लावला. "पुसू नका हं दाजी," तो कळवळून म्हणाला, "मी ती कॅसेट किती शोधली!"

पुसण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याचे हक्क खरोखरच दुसऱ्याचे, तो सामना डोंगलने एका शब्दाने हटकला नाही. एकही फ्रेम गळली नाही, आवाज ओठाला ओठ जुळलेला, आणि कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत: रेकॉर्डिंग यशस्वी.